फिनॉल: बाटली वितळवण्यापासून सांडलेलं पुसण्यापर्यंत

काचपात्र

बारावीच्या प्रॅक्टिकलपासून बायोटेकच्या लॅबपर्यंत फिनॉलची बाटली सगळीकडे असते. त्याच्या अभिक्रिया कुठल्याही पुस्तकात मिळतात, पण बाटली कपाटातून खाली काढल्यावर पुढे काय करायचं हे एकत्र लिहिलेलं फारसं दिसत नाही. त्यासाठी हा धागा. ज्यांच्या हाताखालून फिनॉल रोज जातं त्यांनी भर घालावी, चुकलं तर सरळ सांगावं.

माझं मत आधीच मांडतो: फिनॉल वापरताना होणाऱ्या बहुतेक चुका, त्याचं पाण्याशी कसं जमतं हे नीट न कळल्यामुळे होतात.

शुद्ध फिनॉल म्हणजे पांढरे, सुईसारखे स्फटिक. रेणुभार ९४.११, वितळणबिंदू ४०.५ ते ४१ °से., उत्कलनबिंदू सुमारे १८२ °से. पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं आम्ल दुबळं) १० च्या आसपास, म्हणजे अगदी दुबळं आम्ल. कॉस्टिक सोड्यात विरघळतं, पण खाण्याच्या सोड्याच्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड काढण्याइतकी ताकद त्यात नाही. कार्बोक्सिलिक आम्ल आणि फिनॉल वेगळं ओळखायची खूण हीच.

आता पाणी. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण ८ ग्रॅम फिनॉल विरघळतं. उलट बाजूने फिनॉलही हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि त्याचा गोठणबिंदू त्यामुळे झपाट्याने उतरतो. दर ०.१ टक्का पाण्याला सुमारे ०.४ अंश, असा हिशेब धरा. २ टक्के पाणी शिरलं की वितळणबिंदू ३३ अंशांजवळ येतो. म्हणून रत्नागिरीच्या दमट हवेत सारखी उघडली जाणारी बाटली पचपचीत होते, आणि डिसेंबरातल्या पुण्यात तीच पुन्हा दगड होते. बाटली पातळ झाली म्हणजे माल बिघडला असं नाही, तो ओला झाला आहे. सुमारे १० टक्के पाणी असलेलं फिनॉल खोलीच्या तापमानाला द्रवच राहतं. बाजारात ते 'लिक्विफाइड फिनॉल' म्हणून मिळतं.

दगड झालेली बाटली अशी वितळवा:

फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात) ५० ते ६० अंशांचं वॉटर बाथ ठेवा. बाटलीचं झाकण अर्धा आटा सैल करा, काढू नका. घट्ट बंद ठेवलं तर आतला दाब वाढतो, पूर्ण काढलं तर वाफ आणि ओलावा दोन्हींची ये-जा सुरू होते. पाण्याची पातळी बाटलीच्या मानेच्या बरीच खाली हवी. ५०० ग्रॅमच्या बाटलीला तासभर सहज लागतो, कारण कडेने वितळलेल्या द्रवात मधला गोळा बराच वेळ तसाच राहतो. घाई करून बाटली थेट हॉटप्लेटवर किंवा बर्नरवर ठेवू नका. काच तडकते, आणि फिनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते तो) ७९ अंशच आहे.

स्पॅच्युलाने खरवडून काढण्याची सवय सगळ्यांत वाईट. खपली उडते ती थेट चेहऱ्याकडे येते. वितळवा आणि ओता.

मोजपट्टी

उपयुक्त धागा. एक शंका: गुलाबी झालेलं फिनॉल टाकून द्यायचं का? काही ठिकाणी विटकरी लाल झालेल्या बाटल्याही वापरात दिसतात.

काचपात्र

हवा, उजेड आणि लोखंड-तांब्याचे अंश यांमुळे फिनॉलचं ऑक्सिडीकरण होतं, क्विनोनसारखी रंगीत संयुगं तयार होतात. ती अगदी थोडी असली तरी रंग ठळक दिसतो. फिकट गुलाबी माल गुणात्मक चाचण्यांना चालतो. अनुमापनासाठी आणि डीएनए काढण्यासाठी अजिबात नको. विटकरी झालं असेल तर टाकाऊ बाटलीत जाऊ द्या.

ऊर्ध्वपातन करून शुद्ध करता येतं, पण नेहमीचा पाण्याचा कंडेन्सर लावलात तर फिनॉल आतच गोठून नळी बंद होते आणि मागे दाब चढतो. त्यासाठी एअर कंडेन्सर लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत. १०० ग्रॅमच्या लहान बाटल्या मागवा, तपकिरी काचेच्या. ५०० ग्रॅमची एक बाटली वर्षभर उघड-बंद करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

परीक्षानळी

चाचण्यांबद्दल लिहिते. विद्यार्थ्यांच्या हातात सुट्टं फिनॉल द्यायची गरजच नसते. ५ ग्रॅम फिनॉल १०० मिली पाण्यात करून ड्रॉपरच्या बाटल्या भरा. बहुतेक चाचण्यांना तेवढं पुरतं.

फेरिक क्लोराइड: 'न्यूट्रल' हा शब्द सगळे वाचतात, पण द्रावण तसं करून घेत नाहीत. बाटलीतल्या फेरिक क्लोराइडमध्ये ते साठवताना टाकलेलं आम्ल असतं, आणि आम्लात जांभळा रंग टिकत नाही. १० मिली द्रावणात पातळ अमोनिया थेंब थेंब टाका, दर थेंबाला हलवा. तपकिरी साका (खाली बसणारा गाळ) हलवूनही जात नाही असा पहिला थेंब आला की थांबा आणि गाळा. गाळलेलं पाणी हेच न्यूट्रल फेरिक क्लोराइड. त्याच दिवशी वापरा. टेस्टट्यूबमध्ये फिनॉलचं द्रावण २ मिली आणि याचे २-३ थेंब बस. जास्त टाकलं की त्याचा स्वतःचा पिवळा रंग जांभळ्यावर चढतो आणि मुलं 'हिरवट' लिहून मोकळी होतात. सॅलिसिलिक आम्लही जांभळाच रंग देतं हे लक्षात ठेवा, तिथे खाण्याच्या सोड्याची चाचणी निर्णय देते.

ब्रोमीन पाणी: रंग टिकेपर्यंत टाका. पांढरा साका ट्रायब्रोमोफिनॉलचा. दोनच थेंब टाकून थांबलं तर रंग उडालेला दिसतो पण साका नीट बसत नाही.

लिबरमन चाचणी: इथे पाणी चालत नाही, कोरडे स्फटिक हवेत. कोरड्या नळीत फिनॉलचे एक-दोन स्फटिक आणि सोडियम नायट्राइटचा मुगाएवढा खडा, हलकी ऊब, थंड करून संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब. गडद हिरवा किंवा निळा रंग येतो. तो पाण्यात ओतला की लाल होतो आणि कॉस्टिकने पुन्हा निळा-हिरवा. ही चाचणी शिक्षकाने करून दाखवावी. नळी ओली असेल तर रंग मळकट येतो आणि आम्ल उसळतं.

ॲझो रंग: ॲनिलीनचं डायझो द्रावण (ॲनिलीन, आम्ल आणि सोडियम नायट्राइट थंडीत मिसळून केलेलं) ५ अंशांच्या वर गेलं की नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि त्यातूनच फिनॉल तयार होतं. मग कॉस्टिकमधल्या फिनॉलशी जुळायला डायझो शिल्लकच नसतं. नुसता बर्फ बाहेरून लावून भागत नाही, बर्फाचे दोन तुकडे आत टाका. कॉस्टिकमधलं फिनॉलही थंड करून घ्या.

तापमापी

पाण्याशी जमण्याचा मुद्दा निघालाच आहे तर बी.एस्सी.चा फिनॉल-पाणी क्रिटिकल सोल्यूशन टेंपरेचरचा प्रयोग त्याचंच चित्र आहे. सुमारे ६६ अंशांच्या वर फिनॉल आणि पाणी कुठल्याही प्रमाणात एकजीव होतात. त्याखाली विशिष्ट पट्ट्यात दोन थर पडतात. आलेखाचा माथा साधारण ३४ ते ३६ टक्के फिनॉलला येतो.

५ ग्रॅम फिनॉल बॉइलिंग ट्यूबमध्ये घ्या. वितळलेलं घेत असाल तर साधारण ४.८ मिली, पण वजन करणंच बरं. थंड ड्रॉपरमध्ये ते टोकाशीच गोठतं आणि फुगा दाबला की अचानक पिचकारी बसते. म्हणून ड्रॉपर आधी गरम पाण्यात धरून, कोरडा पुसून मग वापरा.

पाणी एकूण ३ मिली (६२.५ टक्के फिनॉल), ४ मिली (५५.६), ५ (५०), ६ (४५.५), ८ (३८.५), ९ (३५.७), १० (३३.३), १४ (२६.३), २० (२०) असं वाढवत न्या. बऱ्याच हस्तलिखित जर्नलमध्ये सुरुवात २ मिलीपासून लिहिलेली असते. ते मिश्रण ७१.४ टक्के होतं आणि आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत ते मुळातच एकजीव असतं. विद्यार्थी ढगाळपणाची वाट बघत बसतात आणि प्रयोग चुकला असं समजतात. सरळ ३ मिलीपासून सुरू करा.

नळी वॉटर बाथमध्ये उभी, आत थर्मामीटर आणि तारेचं ढवळणं. दुधाळ द्रव ज्या क्षणी काचेसारखा नितळ होतो ते तापमान घ्या. मग नळी बाथमधून बाहेर काढून ढवळत ढवळत थंड होऊ द्या. नितळपणा एकदम मोडतो, थर्मामीटरचा पारा मागे दिसेनासा होतो, ते दुसरं तापमान. दोन्हींची सरासरी. फरक एका अंशापेक्षा जास्त असेल तर तापवण्याचा वेग जास्त आहे.

बिघाड बहुधा पाण्यात असतो. नळाचं पाणी वापरलं की क्षारांमुळे माथा वर सरकतो. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने तो सुमारे ८ अंश वर जातो, यावरून कल्पना यावी. मूळ फिनॉलच ओलं असेल तर वजन ५ ग्रॅम भरतं, पण त्यात पाणी धरलेलं असतं आणि सगळा आलेख एका बाजूला सरकतो. तिसरं कारण, नळी उघडी ठेवून बराच वेळ तापवणं. वाफेबरोबर फिनॉल निघून जातं. कॉर्कला थर्मामीटर आणि तारेपुरतीच भोकं ठेवा.

काचपात्र

+१. ते ७१.४ टक्क्यांचं नेमकं पकडलंत.

पेशीभित्तिका

डीएनएवाल्यांसाठी. पेशींमधला डीएनए वेगळा काढताना प्रथिनं बाजूला करायला फिनॉल, बहुतेकदा क्लोरोफॉर्मसोबत, वापरतात; डीएनए पाण्याच्या थरात राहतो. इथेही पाणीच आहे, फक्त ते बफरच्या (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाच्या) रूपात.

कोरडं फिनॉल थेट वापरलं तर ते नमुन्यातलं पाणी पिऊन घेतं, म्हणून आधी बफरने तृप्त करायचं. ६८ अंशांवर वितळवा, ०.१ टक्का हायड्रॉक्सीक्विनोलीन घाला. हे ऑक्सिडीकरण रोखतं आणि पिवळ्या रंगामुळे फिनॉलचा थर कुठला हे डोळ्यांना कळतं. तेवढ्याच आकारमानाचं ०.५ मोलर ट्रिस (हाच तो बफर), पीएच ८.०, घालून १५ मिनिटं ढवळा, थर वेगळे होऊ द्या, वरचं पाणी काढा. मग ०.१ मोलर ट्रिसने हेच पुन्हा पुन्हा, फिनॉलच्या थराचा पीएच ७.८ च्या वर येईपर्यंत. शेवटी थोडं ट्रिस वर ठेवून तपकिरी बाटलीत ४ अंशांना ठेवा. महिनाभर चालतं.

पीएचचा इतका आग्रह का, तर आम्लधर्मी फिनॉलमध्ये डीएनए मधल्या पांढऱ्या थरात आणि फिनॉलमध्ये उतरतो, वरच्या पाण्यात फक्त आरएनए राहतो. 'डीएनए आलाच नाही' या तक्रारीत फ्रिजमधली बाटली पीएच ४.५ ची, म्हणजे आरएनएसाठीची, निघणं नेहमीचं आहे. बाटलीवर पीएच मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरी गोची: नमुन्यात मीठ ०.५ मोलरच्या वर किंवा साखर १० टक्क्यांच्या वर असेल तर पाण्याचा थर जड होऊन खाली जातो. वरचा थर आपला या सवयीने पिपेट लावली की फिनॉल उचललं जातं. पिवळा रंग इथे वाचवतो.

नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या. पारदर्शक, कडक पॉलिस्टायरीनच्या नळ्या फिनॉल-क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात, सेंट्रिफ्यूजमध्येच फुटतात.

आणि शेवटी स्पेक्ट्रोचं (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग. फिनॉल २७० नॅनोमीटरला शोषतं. डीएनए मोजायचा २६० चा आकडा त्यामुळे फुगतो आणि डीएनए भरपूर आल्यासारखा वाटतो. पूर्ण स्कॅन काढा. शिखर २७० कडे झुकलेलं दिसलं तर एकदा नुसत्या क्लोरोफॉर्मने धुवा.

मोजपट्टी

हातमोज्यांचं कोणी लिहिलं नाही. निळे नायट्राइलचे चालतात ना?

पेशीभित्तिका

शिंतोड्यापुरते. पातळ डिस्पोजेबल नायट्राइल म्हणजे फिनॉलला अडवणारी भिंत नव्हे. क्लोरोफॉर्म सोबत असेल तर तो काही मिनिटांतच आरपार जातो आणि फिनॉलला वाट करून देतो. दोन जोड्या एकावर एक घाला, थेंब पडला की वरची लगेच काढा, हात धुवून नवी घाला. बाटलीतून ओतायचं असेल, सांडलेलं पुसायचं असेल तर निओप्रीन किंवा ब्युटाइल रबरचे जाड मोजे. गॉगल बाजूने बंद असलेला. साधा चष्मा पुरत नाही.

शुश्रूषा

मला सगळ्यांत काळजी वाटते ती याची, म्हणून सविस्तर.

फिनॉल त्वचेवर पडलं की आधी ती जागा बधिर होते. संहत आम्लासारखी आग होत नाही. त्वचा पांढरी, सुरकुतलेली दिसते, पाण्यात खूप वेळ बुडवलेल्या बोटांसारखी. दुखत नाही म्हणून माणूस हातातलं काम पुरं करतो, आणि तेवढ्या वेळात ते त्वचेतून रक्तात जात असतं. पुढे गरगरणं, झटके, हृदयाचे ठोके अनियमित होणं, मूत्रपिंडांना इजा, लघवी काळपट होणं. हाताचा पंजा किंवा मांडीसारख्या मोठ्या भागावर सांडलं तर तो जिवावरचा प्रसंग आहे, भाजल्याची साधी जखम समजू नका.

पातळ द्रावणंही निरुपद्रवी नाहीत. पूर्वी कार्बोलिकचे (म्हणजे फिनॉलचेच) १ ते ५ टक्क्यांचे ओले बोळे बोटाला बांधून ठेवत, त्यातून बोटं काळी पडून सडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. परीक्षानळी ताईंच्या ५ टक्क्यांच्या द्रावणाचा थेंब हातावर आला तरी तो लगेच धुतलाच पाहिजे.

पडल्यावर: भिजलेले कपडे, मोजे, घड्याळ, अंगठी लगेच काढा. मदत करणाऱ्याने आधी हातमोजे घालावेत. पॉलिइथिलीन ग्लायकॉल ३०० किंवा ४०० (पुढे नुसतं 'ग्लायकॉल') कापसावर किंवा गॉझवर भरपूर घेऊन पुसा, तो बोळा फेका, नवा घ्या. असं वास जाईपर्यंत. फिनॉल पाण्यापेक्षा त्यात कितीतरी सहज विरघळतं. जोरात चोळू नका. डोळ्यात गेलं असेल तर ग्लायकॉल नाही, फक्त पाणी, पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. प्रत्येक वेळी दवाखाना, आणि सोबत बाटलीचं लेबल किंवा त्याचा फोटो.

तापमापी

पाण्याने धुऊ नये असं कायम ऐकतो. फिनॉल पाण्याने पसरतं म्हणे. ते बरोबर का?

शुश्रूषा

अर्धं बरोबर, आणि ते अर्धंच घातक ठरतं. वॉश बॉटलमधून थोडं पाणी मारलं किंवा ओल्या फडक्याने पुसलं तर फिनॉल पातळ होऊन आणखी जागेवर पसरतं आणि शोषण वाढतं. तुमच्याच आलेखाप्रमाणे खोलीच्या तापमानाला थोड्या पाण्यात ते पुरतं विरघळतच नाही. पण सेफ्टी शॉवरखाली धो धो पाणी १५ मिनिटं, ही वेगळी गोष्ट आहे. ते चालतं आणि चांगलं चालतं. ग्लायकॉलची बाटली शोधण्यात दोन मिनिटं घालवू नका. हाताशी असेल तर ग्लायकॉल, नसेल तर त्या क्षणी शॉवर. ग्लायकॉल येईल तेव्हा वापरा.

ग्लायकॉल ४०० महाग नाही, केमिकलच्या दुकानात मिळतं. ५०० मिलीची बाटली आणि गॉझची पाकिटं फ्यूम हूडच्या बाजूलाच, कुलपाशिवाय ठेवा.

कोकणकडा

थोडं अवांतर, पण जिव्हाळ्याचं. पावसाळ्यात साप येऊ नयेत म्हणून गावाकडे कार्बोलिक ॲसिडच्या बाटल्या आणून घराच्या कोपऱ्यांत उघड्या ठेवतात. कार्बोलिक ॲसिड म्हणजे हेच फिनॉल. याचा उपयोग होतो का?

काचपात्र

कार्बोलिक अंगावर थेट पडलं तर सापालाही इजा होईल, पण कोपऱ्यात ठेवलेल्या बाटलीमुळे साप घरात यायचा थांबतो यावर विसंबण्यासारखं काहीच नाही. उलट वर शुश्रूषाताईंनी लिहिलेलं सगळं त्या उघड्या बाटलीत भरलेलं आहे, आणि रांगतं मूल नेमकं त्याच उंचीवर असतं. बिळं बुजवणं, दाराखालच्या फटी बंद करणं, उंदीर कमी करणं, अंगणातला लाकूडफाटा हलवणं, हे करा.

नावांचाही घोळ आहे. लादी पुसायचं फिनाईल आणि फिनॉल एक नव्हे. काळ्या फिनाईलमध्ये डांबरातली फिनॉल-वर्गातली तेलं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइन तेल. प्रयोगशाळेच्या मागणीपत्रात 'फिनेल' लिहू नका, दुकानदार भलतंच देतो.

परीक्षानळी

विद्यार्थ्यांना या रसायनाचं मोल कळावं म्हणून सांगण्यासारखं खूप आहे. १८३४ मध्ये रुंगे यांनी ते डांबरातून वेगळं केलं. १८६५ पासून लिस्टर यांनी ग्लासगोत जखमांवर वापरलं. १९०७ मध्ये बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकलाइट केलं. कुकरची काळी मूठ हातात घेऊन दाखवा, त्याच घराण्यातली आहे. आज जगात बहुतेक फिनॉल क्युमीन या हायड्रोकार्बनपासून बनतं. त्यात दर टनामागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन सोबत निघतो. आपल्याकडे कोची आणि दहेज इथे असे कारखाने आहेत. पायाचं नख मांसात रुततं तेव्हा नखाचं मूळ जाळायला आजही ८८ टक्के फिनॉल वापरतात.

सांडपाणी

विल्हेवाटीबद्दल. बेसिनमध्ये ओतू नका, पातळ करूनही नाही. पिण्याच्या पाण्यात फिनॉल-वर्गीय संयुगांची भारतीय मानक आय.एस. १०५०० ची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्याला ५ मिलिग्रॅम. म्हणजे ५ टक्क्यांच्या द्रावणाचं १०० मिली गटारात गेलं तर त्यातल्या ५ ग्रॅमला त्या मर्यादेत आणायला १००० लिटर पाणी लागेल. पिण्याच्या पाण्याची मर्यादा इतकी कडक असण्याचं एक कारण म्हणजे क्लोरीन. पाण्यातल्या क्लोरीनशी मिळून क्लोरोफिनॉल होतात आणि अगदी अल्प प्रमाणातही पाण्याला औषधी घाण वास येतो. म्हणूनच सांडलेल्या फिनॉलवर ब्लीच टाकायचं नाही.

सांडलं तर: खोली रिकामी, हूड चालू, जाड हातमोजे. द्रव असेल तर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट टाकून झाकणाच्या डब्यात भरा. गोठू दिलं तर प्लास्टिकच्या सुपलीने उचलणं सोपं जातं. उरलेली चिकट जागा ग्लायकॉलच्या बोळ्यांनी पुसा, मग साबणपाणी. बोळेही त्याच डब्यात.

टाकाऊ बाटल्या दोन ठेवा. नुसतं फिनॉल एकीत, फिनॉल-क्लोरोफॉर्म दुसरीत, कारण क्लोरीन असलेला कचरा वेगळा जाळला जातो. नायट्रिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत फिनॉल कधीही जाता कामा नये, तिथे हिंसक अभिक्रिया होते. फॉर्मॅलिनच्या बाटलीतही नाही. आम्लाचा अंश असेल तर बेकलाइटचीच अभिक्रिया बंद बाटलीत सुरू होते आणि तापत जाते. भरलेल्या बाटल्या तळोजा, रांजणगाव अशा घातक कचरा केंद्रांकडे अधिकृत वाहतूकदारामार्फत जातात.

मोजपट्टी

रिकामी झालेली मूळ बाटली? धुऊन डिस्टिल्ड वॉटरला वापरतात काही ठिकाणी.

सांडपाणी

नको. आट्यांमध्ये आणि झाकणाच्या आतल्या चकतीत फिनॉल मुरलेलं असतं, धुतल्यावरही वास येत राहतो. कॉस्टिकच्या पातळ द्रावणाने दोनदा खळबळा, ते पाणी फिनॉलच्या टाकाऊ बाटलीत घाला, आणि ती बाटली पुढे फिनॉलचाच कचरा साठवायला वापरा. जुनं लेबल पूर्ण काढून नवं लावा: 'टाकाऊ फिनॉल', खाली पहिल्यांदा भरल्याची तारीख.